फाटलेल्या दुधाच्या मागावर नागपुरात

शुक्रवार

विदर्भ एक्स्प्रेस सकाळी नागपूरला पोचली. डिसेंबरचा गारठा होता आणि फलाटावर संत्र्यांच्या करंड्या रचून ठेवल्या होत्या. सावनेरच्या वालुकाश्मातली स्थानकाची इमारत १९२५ सालची आहे आणि अजून डौलात उभी आहे. मावशीकडे धरमपेठेत सामान टाकलं, पोहे आणि तर्री पोटात गेली आणि लगेच धंतोलीचा रस्ता धरला.

या खेपेला नागपूरला आले ती पनिरासाठी. पनीर कुठून आलं याची तयार उत्तरं मिळतात. कुणी म्हणतं मोगलांनी आणलं, कुणी म्हणतं पोर्तुगीजांनी शिकवलं, कुणी ते थेट ऋषिमुनींच्या ताटात वाढतं. मला यातलं एकही उत्तर एकट्यानं पुरेसं वाटत नाही. नागपूर अशासाठी निवडलं की या सगळ्या वाटा इथून जातात. इथले भोसले बंगाल-ओडिशात गेले, बंगाली माणसं रेल्वेबरोबर इथे आली, शहर वसवणाऱ्या गोंड राजाचं नाव फारसी होतं आणि महालातल्या वैद्यांच्या घरी जुन्या पोथ्या अजून उघडल्या जातात.

धंतोलीतल्या एका मिठाईच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सकाळी छेना, म्हणजे दूध फाडून निथळलेला मऊ गोळा, बनतो. दुकानाचे मालक साठीचे आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेत नोकरीला लागले आणि कुटुंब इथलंच झालं. दादा मराठी बोलतात ते अस्सल नागपुरी, कामगारांना मात्र बंगालीतून हाका मारतात.

कढईत गाईचं दूध होतं. उकळी आली तसं त्यांनी ते खाली उतरवलं, थोडं थांबले आणि आदल्या दिवशीचं आंबलेलं छेन्याचं पाणी बारीक धारेनं सोडायला लागले. लिंबू नाही, व्हिनेगर नाही. झारा एकदोनदाच फिरवला. बघता बघता दूध फाटलं, पांढरे पुंजके एकीकडे आणि हिरवट निवळी एकीकडे. सगळं मलमलीच्या फडक्यात ओतून टांगून ठेवलं. वर वजन ठेवायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. छेना दाबला की तो छेना राहत नाही.

मग परातीत मळणं सुरू झालं. तळहाताच्या टाचेनं पुढे ढकलत, पुन्हा गोळा करत, हाताला तुपकटपणा जाणवेपर्यंत मळायचं.

"म्हशीच्या दुधाचा केला तर?" मी विचारलं.

"कडक येते, ताई. रवाळ. रसगुल्ला पाकात टाकला की चिरा जातात त्याले."

छेन्याचं बोलणं निघालं की पोर्तुगीज येतातच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हुगळीच्या काठी त्यांनी वसाहत केली. बंडेलचं चर्च १५९९ सालचं. १६३२ मध्ये शाहजहानच्या फौजेनं ती वसाहत मोडली, पण चर्च पुन्हा उभं राहिलं आणि गावाच्या नावाचं एक चीजही टिकलं. बंडेल चीज म्हणजे लहान, गोल, खारवलेली चकती. ते धुरावूनही विकतात आणि कोलकात्याच्या न्यू मार्केटात ते आजही मिळतं. सतराव्या शतकात बंगालात फिरलेल्या बर्नियर या फ्रेंच प्रवाशानं लिहून ठेवलंय की बंगाल मिठाईसाठी प्रसिद्ध आहे, विशेषतः जिथे पोर्तुगीज राहतात तिथे, कारण ते त्या कामात वाकबगार आहेत. यावरून खाद्येतिहासाच्या काही अभ्यासकांनी मांडलं की दूध मुद्दाम फाडायची रीत बंगाल्यांनी पोर्तुगीजांकडून घेतली. गाईचं दूध नासवणं अशुभ मानलं जायचं, आणि कृष्णाच्या कथांत दूध, दही, लोणी सगळं येतं पण छेना येत नाही, ही त्यांची आणखी एक बाजू.

मला हे अर्धंच पटतं. बंगाली हलवायांना छेना साखरेशी जोडायची गोडी पोर्तुगीजांच्या शेजारामुळे लागली असेल. पण दूध फाडून त्याचा गोळा करणं या देशाला त्याच्या कितीतरी आधी माहीत होतं. त्याचा पुरावा रविवारच्या मजकुरात येईल.

नागपूरचे भोसले या गोष्टीत येतात ते १७४२ पासून. रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालात शिरले. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दी खान यानं त्यांना भेटीला बोलावून ठार केलं. तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहात बंगालची बारा लाखांची चौथ ठरली आणि ओडिशा भोसल्यांच्या हाती आला, तो १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत. म्हणजे पन्नासहून जास्त वर्षं कटक आणि पुरीचा कारभार नागपूरकरांकडे होता. आज ज्या दोन राज्यांनी रसगुल्ल्यासाठी भांडून वेगवेगळी भौगोलिक मानांकनं घेतली, बंगालनं २०१७ मध्ये आणि ओडिशानं २०१९ मध्ये, त्या दोन्हींशी या शहराचं असं जुनं नातं आहे. बंगालच्या बाजूनं ते गोड नाही. बर्गींनी, म्हणजे या मराठा स्वारांनी, केलेली लूट तिथल्या अंगाईगीतात शिल्लक आहे. दादांना हे विचारायला मी कचरत होते. त्यांनीच विषय काढला आणि म्हणाले, "माझी आजी बर्गींची भीती घालून झोपवायची, अन् झोपवायची कुठं, तर भोसल्यांच्या गावात."

स्वारांनी तिकडून चौथ आणली. छेना इथे रुजवला तो मात्र रेल्वेनं, असं मी ठामपणे म्हणते. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली. तिच्याबरोबर कारकून, गार्ड, अभियंते आले. मध्य प्रांताची राजधानी म्हणून वकील आणि प्राध्यापक आले. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस होते. अशा माणसांच्या घरच्या पूजेला संदेश ही छेन्याची मिठाई लागायची, आणि ती करणारे हात इथेच स्थिरावले. नागपूरच्या स्वतःच्या मिठाईचा कणा मात्र खवाच राहिला. संत्रा बर्फीचंही तसंच.

शनिवार

पहाटे गोकुळपेठ. मावशी जिथून वर्षानुवर्षं दूध घेते त्या डेअरीत म्हशीच्या दुधाचं पनीर होताना बघायचं होतं. मालकभाऊ कानटोपी घालून कढईपाशी उभे होते.

"दूध उकळलं की लगेच आंबट टाकाचं नाही ताई. थोडं उतरू द्याचं. घाई केली तर पनीर रबरावानी होते."

दूध नव्वद अंशांच्या आसपास तापवून ते सत्तर-पंचाहत्तरवर आणलं. लिंबूसत्त्वाचं पाणी कोमट करून घातलं. इथवर धंतोलीसारखंच, पण पुढे वाट बदलली. फडक्यातला गोळा लाकडी साच्यात बसवला, वर फळी आणि तिच्यावर दगड. अर्ध्या तासानं वडी निघाली ती बर्फाच्या पाण्यात सोडली. त्या पाण्यात ती घट्ट होते आणि सुरी फिरवली तरी भुगा होत नाही. म्हशीच्या एका लिटरमागे दोनशे ग्रॅमच्या आगेमागे पनीर पडतं. गाईच्या दुधात ते कमी येतं.

दुपारी सेमिनरी हिल्सला गेले. नात्यातले एक काका तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवत असत. हे महाविद्यालय १९५८ सालचं आहे. काकांनी कागदावर गोल काढत समजावलं. दुधातलं केसीन हे प्रथिन बारीक कणांच्या रूपात तरंगतं. प्रत्येक कणावर ऋण भार असतो, म्हणून कण एकमेकांना दूर लोटतात आणि दूध एकजीव राहतं. आंबट घातलं की भार उतरतो, कणांना धरून ठेवणारं कॅल्शियम सुटतं आणि कण एकमेकांना चिकटतात. जाळं तयार होतं, त्यात स्निग्धांश अडकतो आणि पाणी बाहेर पडतं.

"मग तापवायचं कशाला? गार दूधही आंबट घातल्यावर फाटतंच की," मी म्हटलं.

काका खूश झाले. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण पाचवा हिस्सा केसीन नसतो, तो निवळीत विरघळलेला असतो. दूध ऐंशी अंशांच्या वर नेलं की ही प्रथिनं उलगडतात आणि केसिनाला जाऊन चिकटतात. मग फाटल्यावर तीही पनिरातच राहतात. युरोपातलं बहुतेक चीज कोमट दुधाचं. वासराच्या जठरातलं रेनेट घालून दूध विरजवतात आणि ही प्रथिनं पाण्याबरोबर वाहून जातात. इटलीत तेच पाणी पुन्हा तापवून त्यातून रिकोटा काढतात. रिकोटा म्हणजे पुन्हा शिजवलेलं, असं त्याचं नावच सांगतं. पनीर तव्यावर वितळत नाही याचंही कारण यातच आहे. आम्लानं कॅल्शियम काढून घेतलेलं असतं आणि उष्णतेनं प्रथिनांची गाठ पक्की बसलेली असते. चीज वितळतं आणि पनीर लाल होतं, असं काका म्हणाले. स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्या कुणालाही हे एका वाक्यात कळावं.

गाय आणि म्हैस यांतला फरक त्यांनी विदर्भाच्या जनावरांवरूनच सांगितला. नागपुरी म्हैस, तलवारीसारखी लांब मागे गेलेली शिंगं, उन्हाळा सोसणारी. दूध फार देत नाही, पण जे देते ते दाट. म्हशीच्या दुधात स्निग्धांश, केसीन, कॅल्शियम सगळंच जास्त, म्हणून त्याचा गोळा टणक होतो आणि पनिराला तो उत्तम. वर्ध्याकडची गवळाऊ गाय पांढरी, चपळ. तिच्या दुधाचा गोळा मऊ. छेना आणि पनीर हे दोन वेगळे पदार्थ झाले त्याच्या मुळाशी हा जनावरांचा फरक आहे, हे मला इथे नीट उमगलं. एकीकडे गाईचं दूध आणि नुसतं टांगणं, दुसरीकडे म्हशीचं दूध आणि दगडाचं वजन.

संध्याकाळी परतताना सीताबर्डीचा उड्डाणपूल लागला. त्याचं नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. गोवारी म्हणजे पिढ्यानपिढ्या गुरं राखणारा समाज. २३ नोव्हेंबर १९९४ ला विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना ते आपल्या मागण्या घेऊन इथे आले होते. चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यात बायका आणि लेकरंही होती. दुधाची गोष्ट लिहिताना बादशहा, पोर्तुगीज आणि हलवाई यांची नावं येतात. गुरांमागे रानात हिंडणाऱ्यांचं नाव या शहरात पुलावर आहे. मी रिक्षा थांबवून स्मारकापाशी गेले.

रविवार

महालातल्या एका वैद्यांकडे मावशीची ओळख होती. चौकाचं जुनं घर, ओसरीवर खलबत्ते. त्यांना मी एवढंच विचारलं की फाटलेल्या दुधाला आपल्याकडे काय म्हणत.

ते आत जाऊन चरकसंहिता आणि भावप्रकाश घेऊन आले. चरकाच्या सूत्रस्थानाचा सत्ताविसावा अध्याय अन्नपानाचा आहे. त्यात दुधाच्या पदार्थांत पीयूष, मोरट आणि किलाट ही नावं येतात, आणि किलाटाचे नाना प्रकार असतात असंही म्हटलंय. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रानं एकेकाची फोड केली आहे. पीयूष म्हणजे नुकत्याच व्यालेल्या गाईचं दूध, आपला खरवस होतो ते. फाटलेलं दूध शिजवून झालेला पिंड तो किलाट. न शिजवता फाटलेलं ते क्षीरशाक. दही किंवा ताक घालून फाडलेलं दूध फडक्यात बांधून पाणी निथळवलं की झालं तक्रपिंड. आणि खाली उरलेलं पाणी म्हणजे मोरट. हे सगळे पदार्थ पचायला जड आणि बल देणारे, असा शेरा.

मी वही बाजूला ठेवली आणि नुसती ऐकत राहिले. दोन दिवस डोळ्यांनी बघितलेल्या प्रत्येक पायरीला इथे नाव होतं, निथळलेल्या पाण्यालासुद्धा. दूध फाडणं निषिद्ध असतं तर त्याचे असे बारकावे कुणी नोंदवले नसते. देवाच्या नैवेद्यात ते चालत नसेल, पण वैद्याला आणि स्वयंपाक्याला ते पक्कं ठाऊक होतं.

वैद्यबुवांनी मग मानसोल्लासाचा उल्लेख केला. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा हा संस्कृत ग्रंथ साधारण ११२९ चा. कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याला लागूनच. त्यात तापलेल्या दुधात आंबट घालून ते फाडायचं, चोथ्यात तांदळाचं पीठ मिसळून आकार द्यायचे, तळायचे आणि साखरेत घोळायचे, अशी कृती येते. हुगळीला पोर्तुगीज येण्याच्या साडेचारशे वर्षं आधी दख्खनच्या राजवाड्यात फाटलेल्या दुधाची मिठाई तळली जात होती. छेन्याच्या वादात ओडिशा आणि बंगाल यांचीच नावं ऐकू येतात. दख्खननंही आपली बाजू मांडावी, असं मला मनापासून वाटतं.

मग किलाट हा शब्द गेला कुठे आणि पनीर आला कुठून? वैद्यांच्या घरातून बाहेर पडलं की महालाच्या गल्ल्यांतच याचं उत्तर दिसतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा वस्त्या जोडून नागपूर उभारणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह. महाल, बाजार, दरवाजा, शहर, हे रोजचे शब्द फारसी दरबारातून आलेले. पनीरही त्याच वाटेनं आला. इराणात पनीर म्हणजे कुठलंही चीज. सकाळी नानबरोबर खातात ते पांढरं, खारवलेलं आणि रेनेट घालून केलेलं असतं. तुर्कांचं पेयनिर, अर्मेनियातलं पनिर, अझरबैजानचं पेंदिर ही सगळी एकाच शब्दाची कुळं. हिंदुस्थानात हे नाव आलं आणि इथल्या आम्लानं फाडलेल्या, न खारवलेल्या गोळ्यावर बसलं. नाव फारसी आणि कृती इथली.

इराणी पद्धत थोडी शिल्लक आहे ती पारशांकडे. त्यांचं टोपली पनीर रेनेटनं विरजतात, छोट्या टोपल्यांत बसवतात आणि त्याच्याच पाण्यात तरंगतं ठेवतात. चमच्यानं खायचं, भाजीत टाकायचं नाही. उलट हॉटेलच्या मेन्यूवर पनिराला कॉटेज चीज म्हणतात, ते साफ चुकीचं आहे. कॉटेज चीज सैल आणि कणीदार असतं. दूध हळूहळू आंबवून त्याचा गोळा कापतात, धुतात आणि दाबत नाहीत. त्याचा टिक्का सळईला लागणारच नाही.

रात्री सावजी. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आलेला हा झणझणीत रस्सा. मटण न खाणाऱ्यासाठी त्यात पूर्वी पाटोडी असायची, बेसनाची. आता पाटीवर 'पनीर सावजी' आधी दिसतं. मी दोन्ही मागवलं. पाटोडी रस्सा पिते, पनीर त्याला बाहेरच थांबवतं. मला पाटोडीच आवडली.

सोमवार

सकाळी जरीपटका. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी ही वस्ती उभी केली. पंजाब-सिंधकडून आलेल्या निर्वासितांनी देशभर ढाबे आणि हॉटेलं काढली आणि पनिराची भाजी घराघरात नेली. विदर्भात पन्नास वर्षांपूर्वी लग्नाच्या पंगतीत पनीर नव्हतं, हे मावशी छातीठोकपणे सांगते. वांग्याची भाजी, वडाभात आणि कढी असायची. जरीपटक्यात डेअऱ्या भरपूर, पनीर ताजं आणि गिऱ्हाईकही चोखंदळ. एका काकूंनी वडीचा कोपरा बोटांनी चुरून, हुंगून मगच तोलायला सांगितलं.

तिथून इतवारी. इथे घाऊक माल उतरतो आणि नावाचा प्रश्न इथे फार टोकाला जातो. दुधाच्या स्निग्धांशाच्या जागी पामतेल घालून केलेल्या वड्या दिसायला हुबेहूब असतात. अन्नसुरक्षेच्या नियमानुसार पनिराच्या कोरड्या भागात निम्मा तरी दुधाचा स्निग्धांश हवा. वनस्पती तेलाचा माल विकायला बंदी नाही, पण त्याला पनीर म्हणता येत नाही. ॲनालॉग असं लेबल लागतं. हॉटेलच्या ताटात मात्र ते लेबल पोचत नाही, आणि खाणाऱ्याच्या दृष्टीनं हा सरळ विश्वासघात आहे. म्हैस पाळणाऱ्यालाही तो मारतो, कारण त्याचं दाट दूध ज्या नावानं विकलं जातं तेच नाव तेलाची वडी फुकटात वापरते. स्टार्च मिसळलाय का हे घरी आयोडिनच्या थेंबानं कळतं, निळसर-काळा डाग पडतो. तेल असं सहजी पकडता येत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते.

ज्या दुकानात मी थांबले होते तिथे दोन थाळ्या वेगवेगळ्या ठेवल्या होत्या, वर खडूनं लिहिलेल्या पाट्या. माझ्या मागे केटरिंगवाला एक माणूस आला. त्यानं स्वस्तातला माल दहा किलो मागितला आणि बिलावर पनीर लिहा म्हणाला.

"पनीर नाही लिहत," दुकानदार म्हणाले. "जे आहे तेच लिहीन. पाह्यजे तर घ्या."

त्या माणसानं बरीच घासाघीस केली, पार्टी मोठी आहे, पुढचीही ऑर्डर देतो म्हणाला. दुकानदारांनी मान हलवली नाही. शेवटी त्यानं चार किलो म्हशीच्या दुधाचं घेतलं, उरलेल्याचं बिल ॲनालॉग म्हणूनच करून घेतलं आणि दोन्ही पिशव्या वेगवेगळ्या बांधून घेतल्या.